उभ्यावर तापते की पळताना?

एप्रिल-मे आला की या पानाकडे येणारे प्रश्न ठरलेले. गाडी तापते. बस, एवढंच लिहिलेलं असतं, पुढे मॉडेलचं नाव आणि 'काका लवकर सांगा'. अरे पण काय सांगू? डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'दुखतंय' म्हटलं तर तोही विचारणारच ना कुठे ते. तर यापुढे लिक्विड कूल्ड मोटरसायकलबद्दल, म्हणजे कूलंट फिरवून रेडिएटरने थंड होणाऱ्या गाडीबद्दल, लिहिताना पहिल्याच ओळीत सांगा, उभ्यावर तापते म्हणजे सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये, का पळताना, का दोन्हीकडे. निम्मं निदान तिथेच होतं आणि तुमचे पैसे वाचतात. या वेळचा पहिलाच प्रश्न बघा, त्यात हे उत्तर चौथ्या परिच्छेदात कुठेतरी लपलेलं होतं, मी तो प्रश्न थोडा कापून छापतोय.

प्रश्न : काका, 400 सीसीच्या आसपासची गाडी आहे, साडेतीन वर्षं झाली. कासारवडवलीहून वागळे इस्टेटला रोज जातो. घोडबंदर रोडची हालत तुम्हाला माहितीच आहे, वाघबीळपासून जे रांगायला लागतो ते कापूरबावडीपर्यंत. पातलीपाड्याला पोचेपर्यंत टेंपरेचर 110, मानपाड्याला 118 आणि लाल लाइट. आतापर्यंत कूलंट बदललं, थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर फ्लश केला, नऊ हजार गेले. आता म्हणतात हेड गॅस्केट गेलं असेल, इंजिन खोलावं लागेल. फॅन चालू होतो, आवाज येतो, मी स्वतः बघितलंय. गंमत म्हणजे रविवारी नाशिक हायवेला पडघ्यापर्यंत जाऊन आलो तर 86-88 च्या वर काटा गेलाच नाही. मागच्या पावसाळ्यात फॅन बंद पडला होता तेव्हा बाहेरच्या वायरमनकडून दुसरा बसवला. खोलू का इंजिन?
– एक वाचक, कासारवडवली

उत्तर : नको! थांब. हायवेला 86 आणि ट्रॅफिकमध्ये 118, म्हणजे तुझं कूलंट फिरतंय, पंप चालतोय, थर्मोस्टॅट (ठरलेल्या टेंपरेचरला उघडून कूलंट रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) उघडतोय, रेडिएटर आतून बऱ्यापैकी मोकळा आहे. यातलं एक जरी गडबडलं असतं तरी पडघ्याला जाताना काटा चढला असता, कारण पळताना इंजिन जास्त उष्णता टाकतं, कमी नाही. हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडर आणि त्यावरच्या हेडमधलं सील, गेलेलं इंजिन रविवार आहे म्हणून शांत बसत नाही. मग हायवेला जे मिळतं आणि मानपाड्याला मिळत नाही ते काय? वारा. ट्रॅफिकमध्ये वारा देणारा एकच जण, तो फॅन. आणि तू लिहितोस फॅन चालू होतो, आवाज येतो. चालू होतो रे, पण कुठल्या दिशेने?

मी त्याला मेल करून दोनच गोष्टी विचारल्या. एक, नवीन फॅन बसवताना ओरिजिनल कनेक्टर राहिला का वायर कापून जोडली. उत्तर आलं, कापून, पिळून, वर काळी टेप. दुसरं, एक काम कर म्हटलं, वहीचा एक कागद फाड, अर्धा कर, गाडी उभी ठेवून फॅन लागेपर्यंत गरम होऊ दे आणि फॅन लागला की कागद रेडिएटरच्या समोर, म्हणजे पुढच्या चाकाच्या बाजूने, जाळीला टेकव आणि सोड. हात चाकाच्या बाजूलाच ठेव, मागे पात्यांकडे नेऊ नकोस. फॅन मागे बसलेला असतो आणि तो पुढची हवा रेडिएटरमधून आत ओढतो, त्यामुळे कागद जाळीला चिकटून राहायला हवा. त्याने रात्री साडेदहाला पार्किंगमधून व्हिडिओ पाठवला, कागद चिकटणं सोडाच, फडफडत चाकाखाली गेला आणि मागून एक मुलगा हसतोय.

फॅन उलटा फिरत होता. साधी डीसी मोटर असते ती, प्लस-मायनस अदलाबदल झाली की निमूट उलटी फिरते, तक्रार करत नाही, फ्यूज उडवत नाही, आवाजही साधारण तसाच. पण पात्यांचा वळसा एका दिशेसाठीच बनवलेला असतो, उलट फिरवलं की हवा कमी फेकतात, आणि जी फेकतात ती इंजिनला लागून तापलेली हवा मागून रेडिएटरवर. त्यात तू 15-20 च्या स्पीडने रांगतोयस, म्हणजे पुढून थोडा वारा येतोय आणि मागून फॅन ढकलतोय, दोघं एकमेकांची मान धरून उभे. उभ्यापेक्षा रांगताना जास्त का तापते असं तू एका ठिकाणी लिहिलं होतंस ना, ते यामुळे. हायवेला वाऱ्यापुढे फॅनचं काही चालत नाही आणि तिथे बहुतेक वेळ तो लागतही नाही.

दोन वायरी उलट जोडल्या, सोल्डर केलं, वर हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढवली, काम संपलं. दुसऱ्या दिवशी मानपाड्याला 103, फॅन लागला, 97 ला आला. नऊ हजार परत येणार नाहीत त्याला मी काय करू, पण इंजिन खोलायचे वाचले. आणि सगळ्यांसाठी सांगतो, ट्रॅफिकमध्ये तापत असेल तर हा कागदाचा खेळ आधी करा. फॅन मुळात फिरतच नसेल तर आधी फ्यूज, मग रिले (फॅनला करंट सोडणारा छोटा स्विच) एखाद्या चांगल्या रिलेशी बदलून, मग फॅनला सरळ बॅटरीवरून 12 व्होल्ट देऊन बघा. फिरला तर दोष वायरिंग किंवा सेन्सरकडे, नाही फिरला तर मोटर गेली. पावसाळ्यानंतर चिखल जाऊन मोटर जाम झालेल्या मी ढिगाने बघितल्यात.

प्रश्न : सिग्नलला थांबलं की दरवेळी फॅन लागतो आणि मांड्या भाजून निघतात. ओव्हरहीट आहे का? टेंपरेचर 98-102 दाखवते.
– तापलेला, कोपरखैरणे

उत्तर : नाही. बहुतेक गाड्यांत फॅन 95 ते 105 च्या मध्ये कुठेतरी लागतो, तुझा लागतोय आणि काटा थांबतोय, म्हणजे सगळं जिथल्या तिथे आहे. ती उष्णता इंजिनमधून काढून कुठेतरी टाकायची तर तुझ्या मांडीवर टाकतेय. लिक्विड कूल्ड घेतली की हे आलंच, फुल पँट घाल.

प्रश्न : नमस्कार. माझ्या गाडीचं तुमच्या नेहमीच्या पत्रांच्या उलट आहे. नेरूळ ते ऑफिस ठाणे-बेलापूर रोडने कितीही ट्रॅफिक असू दे, काही होत नाही. पण लोणावळ्याला जुन्या हायवेने गेलो की खोपोलीनंतर घाटात काटा चढतो, शिंग्रोबाच्या देवळापाशी थांबावंच लागतं. कूलंटची टाकी मी दर रविवारी बघते, मिनिमम-मॅक्झिममच्या बरोबर मध्ये आहे, कधीच कमी होत नाही. दोन वर्षांपूर्वी एकदा कमी झालं होतं तेव्हा सोसायटीत टँकरचं पाणी आलेलं ते टाकलं होतं. मेकॅनिक म्हणतो थर्मोस्टॅट काढूनच टाकतो, आपल्याकडे गरमीच असते, गरज काय. टाकू का काढून?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : ताई, आधी तुमचं कौतुक, कुठे तापते आणि कुठे नाही ते तुम्ही पहिल्या दोन ओळींत सांगितलंत. पळताना आणि चढावर तापते म्हणजे फॅनला सोडा, आता कूलंट पुरेसं आहे का, फिरतंय का आणि रेडिएटर उष्णता टाकतोय का हे बघायचं.

'टाकी कधीच कमी होत नाही' हे वाक्य वाचून मला बरं नाही वाटलं, उलट शंका आली. ती रिझर्व्ह टाकी आहे, रेडिएटर नाही. गरम झालं की कूलंट फुगतं, जादा झालेलं कॅपमधून टाकीत जातं, थंड होताना आत व्हॅक्युम होतो आणि तेच कूलंट परत ओढलं जातं. म्हणजे टाकीची पातळी गरम-थंडमध्ये थोडी खालीवर व्हायलाच हवी. रेडिएटर कॅपमध्ये दोन व्हॉल्व्ह असतात, एक प्रेशर धरणारा आणि मधला छोटा परत ओढून घेऊ देणारा. छोटा अडकला किंवा रबर कडक झालं की टाकी छान भरलेली दिसते आणि वर रेडिएटर अर्धा रिकामा. सकाळी गाडी पूर्ण थंड असताना, रात्रभर उभी राहिलेली, कॅप उघडा आणि गळ्यापर्यंत कूलंट दिसतंय का बघा. नसेल दिसत तर चोर सापडला. थंड गाडीचे होज चेपल्यासारखे आत गेलेले दिसले तरी हीच कॅप.

कॅप ही जगातली सगळ्यात दुर्लक्षित वस्तू आहे. पाणी 100 ला उकळतं, निम्मं निम्मं कूलंट आणि पाणी उघड्यावर साधारण 107 ला, पण चांगली कॅप 1.1 बारचं प्रेशर धरते म्हणून तेच मिश्रण सव्वाशेच्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. कॅपचं रबर गेलं की हा सगळा फायदा गेला, घाटात कूलंट आतल्या आत उकळायला लागतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि वाफ काही धातूची उष्णता नीट उचलत नाही. स्वस्त वस्तू आहे, दर तीन-चार वर्षांनी नवीन टाकली तरी चालेल, फक्त छापलेलं प्रेशर तेच बघून घ्या.

गरम गाडीची कॅप उघडू नका, हे मी दर वर्षी लिहितो आणि दर वर्षी कोणीतरी उघडतं. माझ्या उजव्या हातावर कोपराखाली एक पांढरट डाग आहे तो याचाच. 2008 ला यामाहाची आर-15 आली तेव्हा रेडिएटरवाली मोटरसायकल आमच्याकडे नवलाईची होती, माझ्या गॅरेजवर पोरं नुसती बघायला यायची, आणि मी त्या गर्दीपुढे शायनिंग मारायला म्हणून धावून आलेल्या गाडीची कॅप फिरवली. पुढचं सांगत नाही. प्रेशर सुटलं की आतलं सगळं एका क्षणात उकळून वर येतं. होज हाताने आरामात धरता यायला लागला की मगच, तेही फडकं ठेवून.

आता टँकरचं पाणी. एकदा इमर्जन्सीत टाकलं हरकत नव्हती, पण नंतर ते काढून टाकायला हवं होतं, दोन वर्षं आत राहिलं. बोअरच्या, टँकरच्या पाण्यात क्षार असतात, ते सगळ्यात गरम जागी म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवर आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात, गीझरच्या कॉइलवर बसतात तसे. शहरात इंजिन एवढी उष्णता टाकत नाही म्हणून निभावतं, घाटात पितळ उघडं पडतं. रेडिएटरच्या काही नळ्या बंद आहेत का हे इन्फ्रारेड थर्मामीटरने कळतं, गरम गाडीवर जाळीभर फिरवायचं, एखादा पट्टा बाकीच्यापेक्षा चांगलाच थंड लागला तर तिथे कूलंट पोचतच नाहीये. एक जण कोविडमधलं कपाळाला लावायचं यंत्र घेऊन बसला होता, ते 42-43 च्या पुढे जात नाही हो, आपल्याला वर्कशॉपवालं लागतं. आणि चकचकीत अॅल्युमिनियमवर ते खोटं कमी दाखवतं, काळी टेप लावून तिच्यावर नेम धरा.

थर्मोस्टॅट काढू नका. इंजिनला लवकर गरम व्हायला आणि एका टेंपरेचरला राहायला तो लागतो. काढला की इंजिन, विशेषतः छोट्या रनला, थंडच राहतं, ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं अजून वॉर्मअप चाललाय, पेट्रोल जास्त सोडतो, अॅव्हरेज पडतं, ऑइल घाण होतं. आणि रेडिएटर बुजलेला असेल तर घाटात तरीही तापणारच. तो खराब आहे का हे घरी तपासता येतं. जुनं पातेलं घ्या, चहाचं नको, पाणी भरा, थर्मोस्टॅट दोऱ्याने मध्ये लोंबकळत ठेवा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी किचन थर्मामीटर आणि मंद गॅस. त्याच्यावर आकडा छापलेला असतो, बऱ्याच गाड्यांत 82 च्या आसपास. त्या आकड्याला तोंड उघडायला सुरुवात व्हायला हवी आणि पाणी उकळायच्या थोडं आधी पूर्ण उघडायला हवं. मी एकदा असं बघत असताना तो 90 झाले, 95 झाले तरी बंदच, मग एकदम टक करून अर्धा उघडला आणि तिथेच अडकला, पुढे उकळ्या फुटल्या तरी हलेना. असा असेल तर नवीन टाका, पण टाकाच.

तुमच्यासाठी क्रम असा, कॅप, मग रेडिएटरमधली पातळी, मग पूर्ण फ्लश करून डिस्टिल्ड वॉटरने धुऊन नवीन कूलंट, मग पातेलं. भरताना एअरलॉक, म्हणजे आत अडकलेली हवा, राहू देऊ नका, पुढचं चाक फूटपाथवर चढवून रेडिएटरचं तोंड सगळ्यात वर आणायचं, कॅप उघडी ठेवून थंड गाडी चालू करायची, होज हळूहळू दाबत राहायचं, बुडबुडे यायचे थांबले की टॉपअप करून कॅप लावायची, मग फॅन एकदा लागून बंद होईपर्यंत उभी ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी परत पातळी बघायची, बहुतेक वेळा कपभर अजून लागतं.

प्रश्न : कूलंट हिरवं टाकायचं का गुलाबी? आणि पाण्याऐवजी सगळं कूलंटच टाकलं तर जास्त थंड राहील ना?
– एक वाचक, कळवा

उत्तर : रंगावर जाऊ नकोस, रंगाचं कुठलंही स्टँडर्ड नाही, कंपनी वाटेल तो टाकते. मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय आणि डबा रेडी मिक्स आहे का कॉन्सन्ट्रेट ते वाच. सगळं कॉन्सन्ट्रेट टाकलंस तर उलट जास्त तापेल. उष्णता उचलायचं काम पाणी करतं, ग्लायकॉल (कूलंटमधला मुख्य द्रव) त्याचा उकळबिंदू वाढवतो आणि सोबतची केमिकलं गंज थांबवतात. नुसत्या ग्लायकॉलची उष्णता धरायची ताकद पाण्याच्या निम्म्याच्या थोडी वर आहे, त्यात ते घट्ट. निम्मं निम्मं कर. पाणी डिस्टिल्ड, ते बॅटरीवाल्याकडे मिळतं. बाटलीबंद प्यायचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड नव्हे, त्यातही क्षार असतात.

प्रश्न : काका, ऑइलच्या काचेत बघितलं तर दुधाच्या चहासारखं दिसतंय. हेड गॅस्केट ना? गाडी फक्त घर ते ऐरोली स्टेशन, दीड किलोमीटर. थोडंसं तापतेही. महिनाभरापूर्वी इंजिनच्या डाव्या बाजूला खाली एका बारीक भोकातून हिरवं थेंब थेंब गळत होतं, ते मेकॅनिकने एम-सील लावून बंद केलं, त्यानंतर गळती पूर्ण थांबली.
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : दीड किलोमीटरपर्यंत वाचलं तेव्हा म्हटलं चला, साधं आहे. एवढ्या छोट्या रनमध्ये ऑइल नीट गरम होत नाही, आतल्या हवेतला बाष्पाचा अंश सुटत नाही आणि काचेला पांढरं धरतं, पावसाळ्यात तर हमखास. 40-50 किलोमीटरची एक फेरी मारली की जातं. पण मग ते एम-सील वाचलं.

अरे ते भोक कंपनीने मुद्दाम ठेवलेलं असतं! वॉटर पंपच्या शाफ्टवर दोन सील असतात, एक कूलंटच्या बाजूला आणि एक ऑइलच्या बाजूला, दोघांच्या मध्ये मोकळी जागा आणि तिला बाहेर काढलेलं हे भोक. कूलंटचं सील गेलं की थेंब बाहेर पडतो आणि तुला कळतं की पंप काढायची वेळ झाली. तुझ्या मेकॅनिकने धुराचा अलार्म वाजतोय म्हणून अलार्म फोडला. गळती थांबली नाही, तिने रस्ता बदलला, बाहेर जाता येईना म्हणून ऑइलच्या सीलमधून आत गेली. म्हणून चहा.

आता गाडी चालवू नकोस, स्टेशनलाही नको. ऑइलमध्ये ग्लायकॉल गेलं की ते वंगण राहत नाही, बेअरिंग खातं. एम-सील खरवडून काढ, पंप उघडून दोन्ही सील नवीन, शाफ्टला नखाला लागेल अशी चर पडली असेल तर शाफ्ट पण, नाहीतर नवीन सील दोन महिन्यांत परत जाईल. मग साधं ऑइल भरून पाच-दहा मिनिटं आयडल, काढून टाक, फिल्टर बदल, परत एकदा तसंच, आणि तिसऱ्यांदा चांगलं ऑइल. हे केल्यावरही कूलंट कमी होत राहिलं, थंड गाडी चालू करून मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक झाला, किंवा कॅप उघडी ठेवून स्टार्ट केल्यावर सतत बुडबुडे येत राहिले, तर मग गॅस्केटचं बोलू.

प्रश्न : गायमुखच्या चढावर अडकलो आणि लाल लाइट लागला तर नेमकं काय करायचं?
– एक वाचक, भाईंदरपाडा

उत्तर : कडेला घे, इंजिन बंद, आणि तुझ्या मॉडेलमध्ये इंजिन बंद असताना फॅन चालत असेल तर चावी ऑन ठेव, पण दहा मिनिटांच्या वर नको, बॅटरी बसेल. पाणी इंजिनवर ओतू नकोस, तापलेल्या अॅल्युमिनियमला ते झेपत नाही. पुढे वाऱ्याच्या आड काही लावलंय का बघ, बारीक जाळीचा रेडिएटर गार्ड चिखलाने लिंपलेला, आडवा झेंडा, फॉग लाइटची मोठी पट्टी. बारीक जाळीवाले गार्ड तर मी काढूनच टाकायला सांगतो, मोठ्या भोकांचा घ्या. आणि रेडिएटरची जाळी प्रेशर वॉशरने धुऊ नका, तिची बारीक पाती आडवी झोपतात आणि मग वारा आरपार जातच नाही. बागेचा पाइप, मागून पुढे, हलक्या धारेने.

प्रश्न : गाडी तापत वगैरे नाही पण रोज सकाळी खाली हिरवट पाण्याचा छोटा डाग असतो. वॉचमन ओरडतो, आणि बिल्डिंगखालचा कुत्रा ते चाटतो.
– एक वाचक, खारघर

उत्तर : डाग नंतर बघू, आधी आज रात्रीच खाली एक ट्रे ठेव आणि आत्ता असलेला डाग भरपूर पाण्याने धुऊन टाक. ग्लायकॉल चवीला गोड असतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि त्याने त्यांच्या किडन्या जातात, थोड्याशानेही. तो कुत्रा सुस्त होईल, झोकांड्या खाईल किंवा उलट्या करेल याची वाट न बघता त्याला प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या आणि काय चाटलंय ते सांगा, पहिले काही तासच महत्त्वाचे असतात.

मग गाडी. डाग ओव्हरफ्लो पाइपच्या टोकाखाली असेल तर कोणीतरी रिझर्व्ह टाकी मॅक्झिममच्या वर भरलीय, जादा होतं ते बाहेर येतं, थोडं काढ की थांबेल. होजच्या जोडाखाली असेल तर क्लिप, थंड असताना इंजिन आकसतं म्हणून असे जोड रात्रीच गळतात आणि दिवसा कोरडे दिसतात. पंपखालच्या भोकातून असेल तर वरचं ऐरोलीचं उत्तर वाच. ट्रेमध्ये खाली पांढरा कागद अंथर आणि त्यावर चाकाची जागा पेनाने आखून ठेव, सकाळी थेंब कुठल्या भागाखाली पडला ते बरोबर कळतं.